सामंत सरांचं ओरिजिनल

‘ओरिजिनल’ हा शब्द सिल्वासात कुणी उच्चारला की समोरचा माणूस लगेच सावध होतो. आधार कार्ड ओरिजिनल आणा. स्कूटरचा पार्ट ओरिजिनल आहे, हात लावून बघा. आणि नाक्यावरच्या दारूच्या दुकानात, जरा हळू आवाजात, गुजरातेतून आलेल्या पाहुण्याला सांगतात की माल अगदी ओरिजिनल आहे. हा शब्द संगीताला लावायचं धाडस गावात एकाच माणसानं केलं. त्याचं पुढं काय झालं हे टोकरखाड्याच्या आमच्या वस्तीतली शेंबडी पोरंसुद्धा सांगतात, पण चुकीचं सांगतात. म्हणून एकदा नीट सांगायला हवं.

प्रभाकर सामंत हे मूळचे कुडाळचे, पेशानं गणिताचे शिक्षक आणि मनानं जॅझ गिटारवादक. ‘मनानं’ म्हटलेलं त्यांना खपत नाही. “गिटार काय मनानं वाजते? हातानं वाजवतो मी!” असं म्हणून ते डाव्या हाताच्या बोटांवरचे घट्टे दाखवतात. जॅझ म्हणजे काय हे त्यांनी अख्ख्या कॉलनीला समजावून झालं आहे. एक चौकट ठरवायची, तिच्यात ज्यानं त्यानं आपापल्या मनाचं बोलायचं, आणि शेवटी सगळ्यांनी एका ठिकाणी येऊन भेटायचं. ऐकणारा समजल्यासारखी मान हलवतो आणि विचारतो, “म्हणजे झांज ना?”

सरांनी स्वतः बांधलेली एक धून होती. नाव, ‘दमणगंगेवरचं धुकं’. सुरुवातीला गिटार एकटीच बोलते. मग दोन सॅक्सोफोन येतात, एकमेकांची विचारपूस करतात, थोडे भांडतात, आणि शेवटी तिघं मिळून एक असा तुकडा वाजवतात की, सरांच्या मते, आधीचं सगळं त्याच्यासाठीच होतं. तो शेवट आजवर कुणी ऐकला नव्हता. कुणी म्हणजे कुणीच नाही. घरात वाजवायला बसावं तर शेवटाच्या जरा आधी कुकरची शिट्टी होई आणि त्यांच्या पत्नी उषाताई उठून जात. शाळेच्या गॅदरिंगमध्ये शेवटाच्या जरा आधी प्रमुख पाहुणे आले. माणसानं आयुष्यात फार मागू नये हे सरांना मान्य होतं. बसलेल्या माणसांनी ही एक धून एकदा शेवटपर्यंत ऐकावी, एवढंच त्यांचं मागणं. आता यात कुणाच्या बापाचं काय जातं? पण जातं. बरंच जातं.

सुरुवात केली सदाशिवराव दळवींनी. दळवी म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी, सरकारी नोकरीतून निवृत्त, आणि निवृत्तीनंतर हुकूम सोडायला माणसं कमी पडल्यामुळे सगळ्या बिल्डिंगवर हुकूम सोडणारे. संक्रांतीनंतरच्या रविवारी सोसायटीचं स्नेहसंमेलन असतं. दळवी चहाच्या वेळेला, म्हणजे अगदी चहाच्या वेळेलाच, आले आणि म्हणाले, “सामंत, यंदा बाहेरचा ऑर्केस्ट्रा नको. गेल्या वर्षी त्या लोकांनी गाण्यांची पार माती केली. यंदा घरचे कलाकार. तुम्ही वाजवा.”

सरांचा कप हातातच राहिला. “वाजवीन. पण एक सांगतो, आम्ही ओरिजिनल वाजवतो.”

“ओरिजिनल?” दळवींचा चेहरा उजळला. “अहो मग सोन्याहून पिवळं! ओरिजिनलच पाहिजे!”

सरांना वाटलं, माणसाला कदर आहे, आपण उगाच आजवर याला अरसिक समजत होतो. दळवींना वाटलं, हे मास्तर सिनेमातली गाणी रेकॉर्डवर असतात तशीच्या तशी वाजवणार. ऑर्केस्ट्रावाल्यांच्या भाषेत ओरिजिनलचा अर्थ तेवढाच होतो. दोघांनी एकमेकांकडे प्रसन्नपणे पाहिलं आणि दळवींनी आणखी अर्धा कप मागितला.

धुनेला सॅक्सोफोन दोन लागतात, आणि सरांचे सॅक्सोफोनवाले मित्रही दोनच. एक भावेश. त्याचा दादऱ्याला प्लास्टिकचे ड्रम बनवायचा कारखाना. त्याचा सॅक्सोफोन छोटा आणि उत्साह मोठा. दुसरा चिंधा. अमळनेरकडचा, नरोलीला सुताच्या मिलमध्ये कामाला, आणि लग्नसराईत एका बँडमध्ये. त्याचा सॅक्सोफोन मोठा, पण तो त्याचा नव्हता, बँडचा होता. त्याला लाल गोंडे लावलेले होते. “सर, गोंडा सोडू का?” असं त्यानं विचारलं होतं, पण गोंडे मालकानं तारेनं बांधले होते. दोघांनाही सरांनी अख्खी धून, शेवटासकट, वहीत लिहून दिली होती.

पहिली तालीम सरांच्या हॉलमध्ये झाली आणि त्या हॉलमधली शेवटचीही तीच ठरली. वरच्या मजल्यावरच्या सुलभाताई खाली आल्या. सुलभाताई मुंबईच्या, त्यामुळे त्या तक्रार करत नाहीत, सल्ला देतात. “छान वाजवता हो तुम्ही,” त्या म्हणाल्या. “पण ते मोठं वाकडं वाद्य आहे ना, त्याच्याऐवजी बासरी घ्या. माझ्या जावेच्या मुलाला बासरीनं दम्याला फरक पडला.” चिंधाला दमा नव्हता. पण सल्ला एकदा दिला की तो घ्यायचा की नाही एवढंच ऐकणाऱ्याच्या हातात असतं, आणि सुलभाताई जिन्यात उभ्या राहून घेतला जाण्याची वाट पाहत होत्या.

“सर, टेन्शन नको,” भावेश म्हणाला. “आपला गोडाऊन आहे ने दादऱ्याला. तिथे कोण बोलवानुं?”

गोडाऊनमध्ये खरंच कुणी बोललं नाही. छतापर्यंत निळे ड्रम रचलेले होते आणि आवाज असा काही घुमत होता की सरांचे डोळे भरून आले. गिटार झाली, सॅक्सोफोनांची विचारपूस झाली, भांडण झालं. शेवटाच्या आधी चिंधाला एक लांब खालचा सूर धरायचा असतो. तो त्यानं धरला. मजबूत धरला. आणि पलीकडच्या शेडमधल्या मशिनी एकेक करून बंद पडायला लागल्या.

झालं होतं असं की तो सूर आणि कारखान्याचा पाळी सुटल्याचा भोंगा यांत काडीचा फरक नव्हता. सगळे कामगार हात धुऊन, डबे उचलून गेटच्या बाहेर. पुढच्या पाळीची माणसं अजून बसमध्येसुद्धा चढली नव्हती. यंत्रात अर्धवट फुगलेले ड्रम तसेच गार होऊन बसले. भावेशचे वडील आले, ड्रम बघितले, मग सॅक्सोफोन बघितला आणि मग मुलाकडे बघितलं. सरांनी पुढं होऊन शांतपणे समजावलं की हा भोंगा नसून धुनेतला अत्यंत हळुवार भाग आहे. त्याचा उपयोग झाला नाही.

तालमीला आता छप्पर राहिलं नव्हतं. चिंधानं तोडगा काढला. “सर, तुम्ही फिकर नका करू. बँडना टेम्पोमा बी मी तीच वाजाडस. नवरदेव यायले येळ लागस, तवर आपली प्रॅक्टिस. भू भारी धून शे तुमनी.” नवरदेवाची वाट पाहत टेम्पोत बसलेला चिंधा आणि त्याच्या ओठांवर आपली धून, या चित्रानं सरांना भरून आलं. तेव्हा भरून यायला नको होतं. पण ते पुढं.

मग आली परवानगी. उघड्या मैदानात स्पीकर लावायचा तर परवानगी हवी, आणि परवानगीची एक खिडकी असते, आणि खिडकीच्या आत अरविंदभाई असतात. अरविंदभाई वाईट माणूस नव्हे. त्यांना फक्त रिकामा रकाना बघवत नाही. अर्जात एका बाजूला होतं ‘गाण्याचे नाव’, दुसऱ्या बाजूला ‘चित्रपटाचे नाव’. सरांनी चित्रपटाच्या रकान्यात ‘लागू नाही’ लिहिलं होतं, म्हणजे अरविंदभाईंच्या लेखी तो रिकामाच.

“पिच्चर लिहा ना साहेब,” अरविंदभाई म्हणाले.

“पिच्चर नाही.”

“मग भजन आहे? भजनाला पिच्चर नाही लागत. भजन लिहा, आत्ता सही देतो.”

सर क्षणभर मोहात पडले. नाही असं नाही. पण ज्या माणसानं वर्षानुवर्षं पोरांना ‘रीत चुकली तर गुण नाहीत’ असं बजावलं, तो आपल्या धुनेला खोटं भजन कसं म्हणणार? “भजन नाही,” ते ताठ मानेनं म्हणाले. “ओरिजिनल आहे.”

“ओरिजिनल आहे तर ओरिजिनल दाखवा.”

“मीच ओरिजिनल!”

अरविंदभाईंनी त्यांना चष्म्यावरून वरपासून खालपर्यंत पाहिलं. “मग झेरॉक्स?”

सरांना राग आला की ते चष्मा काढतात. समोरचा माणूस अंधुक झाला की तो सहन करता येतो, असा त्यांचा अनुभव आहे. त्या दिवशी खिडकीपुढं त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. अखेर तोडगा निघाला तो असा: गाणं ज्यानं केलं त्या संगीतकाराचं ना-हरकत पत्र आणा. म्हणून सरांनी तिथंच बाकावर बसून लिहिलं, ‘मी, प्रभाकर सामंत, माझी धून प्रभाकर सामंत यांनी वाजवण्यास माझी हरकत नाही,’ आणि खाली देणार आणि घेणार अशा दोन सह्या केल्या.

अरविंदभाईंनी कागद उजेडात धरला. “साहेब, दोन्ही सह्या सारख्या दिसतात.”

“सारख्याच दिसणार!”

“नंतर कोणी विचारला तर मी काय सांगू? एक जरा वेगळी करा.”

प्रगतिपुस्तकावर बापाची सही ठोकणारी कितीतरी पोरं सरांनी आजवर रंगेहाथ पकडली होती. त्या सरांनी त्या दिवशी, भर दुपारी, सरकारी बाकावर बसून स्वतःची खोटी सही केली. ती खरीपेक्षा चांगली आली, याचं त्यांना जास्त वाईट वाटलं.

बॅनरचं काम दळवींनी परस्पर केलं. ‘जॅझ’ची अक्षरं छापणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर सापडेनात, म्हणून त्यानं आपल्या बुद्धीनं ‘सामंत जाज पार्टी: ओरिजिनल गाणी’ असं छापून दिलं. गुजरातीत जाजरू म्हणजे संडास. बॅनर मैदानात चढला तेव्हा भावेश खाली उभा राहून हसत सुटला. “सर, पाछळ ‘रू’ नै लाव्यो ए सारुं थयुं!” सरांनी चष्मा काढला. बॅनर अंधुक झाला, पण भावेशचं हसणं ऐकू येतच राहिलं.

आणि रविवार उजाडला. मैदान खच्चून भरलं. पहिल्या रांगेत कमिटी, दुसऱ्या रांगेत कमिटीच्या बायका, मागं सगळी कॉलनी, आणि एका कोपऱ्यात मोठ्या पातेल्यात उंधियू. त्याचा वास सुटला होता. हा वास पुढं घातक ठरेल हे सरांच्या त्या वेळी लक्षात यायला हवं होतं. पण कलावंत माणूस पातेल्याकडे बघत नाही. सरांनी इस्त्रीचा झब्बा घातला होता. उषाताई चौथ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. कुकर घरी होता.

दळवींनी माइक घेतला. “आणि आता, ज्याची आपण सगळे वाट बघत होतो, ते ओरिजिनल!” टाळ्या पडल्या. एवढ्या टाळ्या सरांना आयुष्यात कधी मिळाल्या नव्हत्या. त्यांनी मान झुकवली आणि तारेवर बोट ठेवलं.

गिटारचा पहिला भाग अगदी चिडीचूप शांततेत झाला. सरांच्या अंगावर काटा आला. उषाताईंनी मात्र आजूबाजूला पाहिलं आणि शांततेचं कारण त्यांना कळलं. लोक गाणं ओळखायचा प्रयत्न करत होते. भुवया आकसून, बोटं मोजून, अंताक्षरीला बसल्यासारखे सगळे ओळखत होते. एकानं हळूच एका गाण्याचं नाव घेतलं. दुसरा म्हणाला, छे, ते नव्हे, त्याच्या आधीचं. तिसऱ्यानं दोघांनाही वेड्यात काढलं. त्यातच सॅक्सोफोन सुरू झाले. सॅक्सोफोन कॉलनीनं ऐकला होता तो फक्त लग्नात, त्यामुळं मागच्या रांगेतल्या एक आजी पदर सावरून उभ्या राहिल्या आणि विचारू लागल्या, “नवरदेव कुठवर आलाय?”

“ओरिजिनल वाजवा!” मागून कुणीतरी ओरडलं.

सरांनी वाजवता वाजवता माइककडे तोंड नेलं. “हेच ओरिजिनल आहे.”

सगळं मैदान हसलं. सर विनोद करतात हे कॉलनीला नवीन होतं. “अहो सामंत, पण पिच्चर कोणता?” पहिल्या रांगेतून दळवींनी विचारलं. आता ते मघासारखे प्रसन्न नव्हते. सर्वांसमोर शब्द दिला होता त्यांनी. “जरा शेवटपर्यंत ऐका,” सर नम्रपणे म्हणाले. ते अतिशय नम्रपणे म्हणाले, आणि तिथंच त्यांचं चुकलं. भांडणाचा भाग सरला. चिंधानं तो लांब सूर धरला. शेवट आता दारात उभा होता, कडी काढायची तेवढी राहिली होती.

दळवी उठले. स्टेजवर आले. दुसरा माइक त्यांनी हातात घेतला. “रसिकहो, उंधियू गरम आहे.”

पुढचं काय सांगायचं! खुर्च्यांचा जो आवाज झाला त्यात गिटार कुठल्या कुठं गेली. मंडळी पातेल्याकडं धावली. पण कॉलनीचं एक वेळ जाऊ द्या, कॉलनीकडून सरांनी अपेक्षा कधी केली होती? सर उजवीकडं वळून बघतात तर भावेश सॅक्सोफोन खुर्चीवर ठेवतोय. “सर, उंधियुं ठंडुं थई जशे,” तो कळवळून म्हणाला. “मारा मामानं बनवलाय.” तिघांनी मिळून वाजवायचा शेवट दोघांना वाजवता येत नाही. चिंधानं सूर सोडला आणि खाली बघितलं. सरांनी गिटार पेटीत ठेवली, पेटीच्या दोन्ही कड्या लावल्या आणि न जेवता घरी आले.

उषाताईंनी त्यांच्यासाठी वाटीत उंधियू आणला होता. सरांनी तो तासभर तसाच ठेवला, मग गारच खाल्ला. चांगला झाला होता. त्याचाही त्यांना संताप आला.

दुसऱ्या दिवसापासून सांत्वनाला माणसं येऊ लागली. सुलभाताई म्हणाल्या, “सुरुवातीचं ते छान होतं हो. मी म्हटलं, आता गाणं सुरू होईल, आता सुरू होईल.” दळवींनी तर जिन्यात उभं राहून सुनावलं, “सामंत, तुम्ही ओरिजिनल म्हणालात आणि आयत्या वेळी मनाचं वाजवलंत. ही सोसायटीची फसवणूक आहे. पुढल्या वर्षी ऑर्केस्ट्रा.” मनाचं वाजवलंत! ज्या गोष्टीसाठी सर आयुष्यभर झटले तीच गोष्ट त्यांच्यावर आरोप म्हणून फेकण्यात आली. सरांनी गिटार माळ्यावर टाकली. उषाताईंनी स्टूल धरलं. एकदा त्या “राहू द्या ना खाली” म्हणाल्या, आणि सरांचा चेहरा बघून त्यांनी स्टूल आणखी घट्ट धरलं. भावेशचे फोन येत राहिले, सर घेईनात. आता त्यांचं सगळं लक्ष पूर्वपरीक्षेच्या पेपरांकडं. त्या महिन्यात गणितात बरीच पोरं नापास झाली. त्याचा आणि याचा संबंध नाही असं सर म्हणतात.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी सर गॅलरीत बसून पेपर तपासत होते. लग्नाचा मोसम होता. रोज एक तरी वरघोडा, म्हणजे नवरदेवाची वरात, टोकरखाड्यातून जायचा. आज समोरच्या वळणावर एक टेम्पो आडवा लागला होता, त्याच्यामागं नवरदेवाची गाडी अडकली होती आणि अडकलेला बँड नेमका सरांच्या बिल्डिंगखाली उभा होता. पोरं नाचत होती, बायका नाचत होत्या, नवऱ्याचा मामा हातरुमाल दातांत धरून नाचत होता. सर लाल पेननं एका भूमितीला गोळा देत होते. आणि अचानक त्यांचा हात थांबला.

त्यांनी कान टवकारले. चष्मा काढला, पण कानांना त्याचा उपयोग नसतो. खाली जे वाजत होतं ते ‘दमणगंगेवरचं धुकं’ होतं. गिटारचा भाग क्लॅरिनेटवर घेतला होता, खाली ताशा आणि ढोल लावला होता, धुकं म्हणून काही शिल्लक ठेवलं नव्हतं, पण सूर न् सूर सरांचा होता. आणि पहिल्या ओळीत, लाल कोट, सोनेरी पट्टे, डोक्यावर तुरा, गोंड्यांचा सॅक्सोफोन तोंडाला लावून चिंधा!

सर होते तसे उठले. लुंगीवर बनियन, हातात लाल पेन. उषाताई “अहो, शर्ट!” म्हणेपर्यंत ते खाली पोचले. चिंधानं त्यांना बघितलं आणि जमेल तेवढा सॅक्सोफोनच्या मागं लपला. फार जमलं नाही. लांब सूर सुरूच होता. सर गर्दीत घुसले आणि त्यांनी बँडमास्तरचा हातच धरला. “थांबवा! ही धून माझी आहे!”

बँड थांबला. शेवटाच्या जरा आधी.

“ओ काका!” नाचणारी पोरं खवळली. “अरे, शेवट राहिला! शेवटालाच तर मजा येते!” नवऱ्याचा मामा तोंडातला रुमाल काढून ओरडला, “कोण आहे हा माणूस? शेवट वाजवू द्या!”

सर जागच्या जागी उभे राहिले. त्यांच्या धुनेचा शेवट व्हावा म्हणून आयुष्यात पहिल्यांदा लोक ओरडत होते, आणि तो थांबवला होता खुद्द त्यांनी.

बँडमास्तर मात्र सभ्य माणूस होता. “काका, तुमची म्हणजे काय, सगळ्यांचीच आहे,” तो समजुतीनं म्हणाला. “महिनाभर झाला, जिथं जातो तिथं हीच मागतात. जुनं गाणं आहे ना, तुमच्याच काळातलं.”

“माझ्या काळातलं?” सरांचा आवाज चिरकला. “चिंधा!”

चिंधा पुढं आला. तुरा खाली आला होता. “सर, काय सांगू. टेम्पोमा मी वाजाडत होतो, बठा बँडनी उचली लिधी. मास्तर म्हने, पिच्चर कोनता? मी म्हनं पिच्चर नही, सरनी शे. त्यासले समजेच ना. रोज विचारेत, पिच्चर कोनता, पिच्चर कोनता. मंग मी सांगी टाकं, जुना पिच्चरनी शे.” तो थांबला. “पन सर, शेवट आम्ही रोज वाजाडतस. एक दिन बी चुकवला नही.”

इतक्यात मागून दळवी आले. गर्दी दिसली की दळवी येतातच. त्यांनी सगळं ऐकलं नव्हतं, धून मात्र ऐकली होती. “बघा सामंत,” ते सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “याला म्हणतात ओरिजिनल! आता कळलं तुम्ही त्या दिवशी हे कुठून उचललं होतं ते. अहो, चोरायचं तर पूर्ण तरी चोरायचं. शेवट कुठंय तुमच्यात?”

सर लाल पेन घेऊन दळवींकडं वळले. बनियनवर असलेल्या माणसाला अब्रूनुकसानीचा दावा लावता येतो की नाही, असा काहीसा विचार त्यांच्या डोक्यात होता. पण त्यांच्या आधी उषाताई बोलल्या. हातात सरांचा शर्ट घेऊन त्या धापा टाकत खाली आल्या होत्या.

“अहो दळवी,” उषाताई म्हणाल्या, आणि आवाज असा होता की ताशेवाला दोन पावलं मागं सरला. “ही धून ह्यांची आहे. माझं अर्धं आयुष्य कुकरच्या शिट्टीत ऐकत आलेय मी. शेवट नव्हता काय म्हणता? तुम्ही वाजवू दिलात? तुमचा उंधियू गरम होता ना! मीसुद्धा अजून ऐकला नाही तो शेवट. लग्नाची बायको मी, आणि मला तो ऐकायला परक्याच्या वरघोड्यात यावं लागलं. तेवढी माझी एक चूक, सुधारतेय. मास्तर, वाजवा.”

सुलभाताई गॅलरीतून वाकून बघत होत्या. प्रथमच त्यांना काही सल्ला सुचला नाही. बँडमास्तरनं सरांकडं बघितलं, सरांच्या लुंगीकडं बघितलं, मग चिंधाकडं बघितलं. चिंधानं जोरात मान हलवली. मास्तरनं हात वर केला आणि धून पहिल्यापासून सुरू झाली. समोरचा टेम्पो निघाला होता, रस्ता मोकळा झाला होता, पण नवऱ्याचा मामा हलायला तयार नव्हता.

उषाताईंनी सरांच्या खांद्यावर शर्ट टाकला आणि त्या तिथंच, रस्त्याच्या कडेला, कंपाउंडच्या कट्ट्यावर बसल्या. सरही बसले. क्लॅरिनेट एका ठिकाणी कच्चा लागला, तेव्हा सरांनी नाराजीनं ‘च्च’ केलं. सॅक्सोफोननं विचारपूस केली, भांडण केलं. चिंधानं डोळे मिटून तो लांब सूर धरला. कुठलाच कारखाना सुटला नाही.

दळवी मात्र अजून तिथंच घुटमळत होते. चेहऱ्यावर खरीखुरी काळजी होती. ते सरांच्या कानाशी वाकले आणि हळूच म्हणाले, “ते सगळं ठीक आहे हो सामंत. पण मग पिच्चर कोणता?”

सरांनी चष्मा काढला नाही. आयुष्यभराची नम्रता त्यांनी एका हातानं बाजूला सारली, तसंच दळवींनाही सारलं.

“दळवी, तोंड बंद. शेवट येतोय.”